रुसलेलं काडतूस

काशीदादांची आणि माझी ओळख माझ्या छत्रीने करून दिली. भुईगावात मी नवीन राहायला आलो होतो. गल्लीच्या तोंडाशी एका माणसाला किराणा दुकानाचा रस्ता विचारत होतो आणि हातातल्या मिटलेल्या छत्रीने 'इकडे का तिकडे' करत होतो. मागून एक हात आला, त्याने छत्रीचं टोक चिमटीत धरलं आणि अलगद जमिनीकडे वळवलं. "तोंड खाली," एवढंच म्हणून ते गृहस्थ पिशवी सावरत निघून गेले. मला राग आला. छत्री माझी, हात माझा, आणि हा कोण मला शिकवणार?

पुढे कळलं की हा मान माझ्या एकट्याच्या छत्रीला मिळालेला नाही. काशिनाथ म्हात्रे, म्हणजे गावाचे काशीदादा, कुठलीही लांब वस्तू माणसाकडे रोखलेली बघू शकत नसत. बोट, काठी, झारा, बॅटरी, सगळ्यांचं तोंड खाली. एका लग्नात त्यांनी फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचंही तोंड खाली केलं, त्यामुळे त्या अल्बममध्ये वरमाईच्या पावलांचा एक उत्तम फोटो आहे.

दादा तीस-बत्तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर होते. आर्मरर म्हणजे बंदुकांचा डॉक्टर. शेकडो रायफली त्यांनी खोलल्या, पुसल्या, जोडल्या, झाडून बघितल्या, आणि माणसावर एकही रोखली नाही. तिथून निवृत्त होताना त्यांनी एक वाक्य घरी आणलं: "भरलेलं समजायचं." हातातलं हत्यार रिकामं आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी ते भरलेलं समजायचं. हा नियम शस्त्रागारात ठीक होता. दादांनी तो संसाराला लावला. कुकर भरलेला, सोड्याची बाटली भरलेली, नारळाचं झाड तर भरलेलंच. शेजाऱ्याकडे चहाला गेले तर गॅसकडे पाठ करून बसत नसत. एकदा आमच्या घरमालकीणबाई दोन दिवस कुणाशी बोलत नव्हत्या, तर दादा दारातूनच परत गेले. "भरलेल्या आहेत," मला हळूच म्हणाले.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, वसईतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक. परीक्षानळ्या धुणं आणि फुटल्या की हेडमास्तरांची बोलणी खाणं हे माझं काम. पण दादांना 'प्रयोगशाळा' हा शब्द कळला मात्र, त्यांची माझ्याबद्दलची नजरच बदलली. मला ते मास्तर म्हणायला लागले. "म्हणजे तुम्ही प्रयोगवाले. मग या रविवारी सकाळी माझ्या केळीच्या वाडीत. साक्षीदार लागतो."

साक्षीदार कशाला, हे मी विचारायला हवं होतं.

दादांकडे बत्तीस बोअरची एक रिव्हॉल्वर होती, रीतसर परवान्याची. वर्षाला मोजकी काडतुसं मिळायची. ती नव्वदीतली वर्षं. नायगावच्या बाजूला इमारती उठायला लागल्या होत्या आणि आमच्याकडे एजंट नावाची जमात गल्लीबोळांतून फिरत होती. एखाद्याने जमीन द्यायला नाही म्हटलं की आधी गोड फोन येत, मग नुसतेच फोन येत, पलीकडून कुणी बोलत नसे. दादांनी नाही म्हटल्यावर एका सकाळी त्यांच्या वाडीतल्या चाळीस केळी कमरेतून तोडलेल्या सापडल्या. लोंगर, म्हणजे घड, धरलेल्या केळी. त्यामुळे म्हाताऱ्याने हत्यार कशासाठी ठेवलंय हे गावाने आपापसात ठरवून टाकलं होतं. मीही तेच धरून चाललो होतो.

पण त्या हत्याराशी दादांचं जे चालायचं ते वेगळंच होतं. त्यांचं भांडण वसईच्या हवेशी होतं. "खारा वारा, मास्तर. काडतूस म्हणजे मासळी. दिसायला ताजी असते, आतून कधी उतरली कळत नाही." म्हणून ते दरवर्षी जुन्या काडतुसांची परीक्षा घेत. एक खिडकीत फडक्यात बांधून ठेवलेलं, एक कपाटात, एक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, एक तांदळाच्या कोठीत. वर्षाने सगळी झाडून बघायची आणि कुठलं जास्त टिकलं ते ठरवायचं. काकू, म्हणजे दादांची बायको, हयात असताना एकदा सुपात तांदळाबरोबर काडतूस आलं होतं. "खडे निवडू का गोळ्या?" एवढंच त्या म्हणाल्या म्हणे. दादा हे सांगताना दर वेळी हसत, आणि मग उठून कोठीचं झाकण नीट बसवत.

परीक्षा घ्यायची केळीच्या खांबावर. लोंगर उतरवला की केळ तशीही तोडायचीच असते. तो वीतभर जाडीचा खांब मातीच्या ढिगाऱ्यासमोर आडवा ठेवायचा, कापलेलं तोंड आपल्याकडे. ढिगारा पुरुषभर उंच, वाडीतल्या बावखलातून, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातून, वर्षानुवर्षं उपसलेल्या गाळाचा. दहा पावलांवरून एक बार. मग दादा कोयत्याने खांब उभा चिरत, गोळी कुठवर गेली ते बघत आणि त्या वाटेत नारळाच्या झापाचा हीर घालून तेवढ्याच लांबीवर मोडत. काडतूस जोरकस असेल तर हीर लांब, मरगळलेलं असेल तर आखूड. अशा हिरांच्या जुड्या वर्षावर्षाच्या दोऱ्याने बांधून पडवीत टांगलेल्या होत्या. नवा पाहुणा त्यांना झाडू समजायचा. तांदळाच्या कोठीतलं काडतूस दरवर्षी पहिलं यायचं. हा शोध दादांनी कुठे छापून आणला नाही, पण मला वाटतं गावातल्या निम्म्या लोकांना तो पाठ होता.

हे सगळं कायदेशीर. आधी पोलीस ठाण्यात अर्ज. मग सकाळी वाडीच्या फाटकावर बांबूला लाल बावटा. वाडीत कामाला शेवंती यायची, बावटा लावणं तिच्याकडे. तो वर गेला की गल्लीतून कुणी वाडीकडे फिरकत नसे. भाजीवालीसुद्धा कोपऱ्यावर टोपली उतरवून बसायची. "बार व्हायचेत अजून, मास्तर. पानी नंतर लावीन," असं म्हणून शेवंतीही फाटकाबाहेर जाऊन बसायची.

आणि एक नियम होता, सगळ्यांत मोठा. काडतूस कधीकधी दगा देतं. चाप ओढला, 'टक्' झालं, बार नाही. "अडाणी माणूस लगेच नळीत डोकावतो," दादा सांगत, "आणि मग त्याचा फोटो भिंतीवर लागतो." आत दारू धुमसत असली तर बार उशिरानेही उडू शकतो. अशा काडतुसाला दादा 'रुसलं' म्हणत. रुसलेल्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही. तोंड खाली, आणि साठ मोजायचे. तेवढ्या वेळात तिथे हजर असलेल्या कुणीही हलायचं नाही, बोलायचं नाही. साठ झाले की मग उघडून विचारायचं, बाबा रे काय झालं.

दादांना नितीन नावाचा एकच मुलगा. नायगाव स्टेशनजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. काकू गेल्यावर वर्षभरात वाडी विकण्यावरून बापलेकांत वाजलं आणि तो तिकडेच भाड्याने राहायला गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: शेजारची विकली, पलीकडची विकली, आपण केळी तोडलेल्या बघत किती दिवस बसायचं? दादांचं म्हणणं मला कधी कळलं नाही, कारण ते सांगतच नसत. दोन वर्षं येणंजाणं नाही, बोलणं नाही. मी एकदा विषय काढला तर दादांनी माझं बोट धरून खाली केलं. मी ते कुणावर रोखलेलंही नव्हतं.

ज्या रविवारबद्दल मला सांगायचंय, त्या दिवशी तीन बार ठीक झाले. चौथं काडतूस खिडकीतलं, हिरवट पडलेलं. दादांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी हत्यार धरलं, चाप ओढला. टक्.

"रुसलं," दादा म्हणाले आणि त्यांनी नळीचं तोंड समोरच्या जमिनीकडे झुकवलं. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन.

नऊ म्हणतोय तोच ढिगाऱ्याच्या उजव्या अंगाला केळीची पानं हलली आणि तीन माणसं पुढे आली. शेजारची वाडी विकली गेल्यापासून तिकडचं कुंपण पडलेलं होतं, तिथून आली. फाटकातून आली असती तर बावटा दिसला असता. पुढे एजंट, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. मागे त्याचा एक आडदांड सोबती. आणि तिसरा नितीन.

"काय दादा, सकाळ सकाळ?" एजंट म्हणाला. मग त्याला दादांच्या हातातलं दिसलं.

दादा बोलले नाहीत. नळी जमिनीकडेच होती, पण दादांचा रोख त्या बाजूला, आणि ज्याला यातलं काही कळत नाही त्याला ती आपल्या पायांवर धरल्यासारखी वाटावी इतकी ती माणसं जवळ होती. दादांची नजर खाली, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर काहीही नाही. सतरा. अठरा.

"दादा, आपण बसून बोलू ना. नितीनच म्हणाला, चला, समजावू," एजंट म्हणाला. तेवीस. "दादा, हे बरोबर नाही हां." सत्तावीस. "अहो, ऐकू येतंय का?"

त्या सोबत्याने दोन्ही हात वर केले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. 'काडतूस अडकलंय, थांबा जरा,' एवढे चार शब्द मी बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नियम म्हणजे नियम, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. कुणाला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ते काडतूस, ती माणसं आणि दादांचा तो दगडासारखा चेहरा, तिन्ही एकदमच समोर होती. एकतीस. बत्तीस.

एजंट एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, आणि मग वळून पळाला. त्याची एक चप्पल बावखलाच्या काठच्या चिखलात राहिली. सोबती हात वर ठेवूनच त्याच्यामागे पळाला, त्यामुळे केळीच्या पानांशी त्याची बरीच मारामारी झाली. दुसऱ्या वेळी मी पोट धरून हसलो असतो.

नितीन जागचा हलला नाही. बापाच्या समोर, बारा-पंधरा पावलांवर, हात खाली सोडून उभा राहिला. बापाने वर बघितल्याचं मला दिसलं नाही. मी नितीनकडे बघत नव्हतो, मी त्या नळीकडे बघत होतो. माझे आकडे कधीच चुकले होते.

शेवटी दादांनी श्वास सोडला, रिव्हॉल्वर उघडली, ते हिरवट काडतूस काढून दगडावर ठेवलं आणि मान वर केली. तोवर नितीन वळला होता. पडलेल्या कुंपणावरून तो गेला. दादांनी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

शेवंती फाटकातून धावत आली. "मी बावटा लावला व्हता," ती म्हणाली. "तो काय वाळत घातला व्हता?"

दोन दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. काशिनाथ म्हात्रे यांनी जमिनीची बोलणी करायला आलेल्या तिघांवर परवान्याच्या रिव्हॉल्वरचा रोख धरून जिवे मारण्याची धमकी दिली, अशी तक्रार होती. परवाना जाणार होताच, वर खटला झाला असता तर या वयात तुरुंग. साक्षीदार म्हणून मी बरोबर निघालो. रिक्षात दादांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून मला दाखवली. आत ते रुसलेलं काडतूस. त्याच्या बुडाशी एक छोटी टिकली असते, घोडा तिच्यावर आपटला की आतली दारू पेटते. त्या टिकलीवर खड्डा पडलेला स्पष्ट दिसत होता. "घोड्याने आपलं काम केलं. हिने केलं नाही," दादा म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं. एवढं दाखवलं की विषय संपला.

ठाण्यातले साहेब तरुण होते आणि दमलेले होते. "दादा, तुम्ही आमचेच. तुमचा रविवारचा अर्जही माझ्यासमोर आहे," ते म्हणाले. मी भडाभडा सगळं सांगितलं. बावटा, टक्, साठ आकडे. साहेबांनी ऐकून घेतलं. "मग सोपं आहे. ते काडतूस दाखवा. टिकलीवर घोड्याची खूण असली तर तक्रार खोटी ठरली. मग मी त्या तिघांकडे बघतो. खोट्या तक्रारीवर सह्या करणं महागात पडतं, हे एकदा कळू दे लोकांना."

असं म्हणून त्यांनी तक्रारीचा कागद आमच्याकडे फिरवला. खाली तीन सह्या होत्या. तिसरी होती नितीन काशिनाथ म्हात्रे. मधलं नाव दादांचंच, चांगल्या सुवाच्य अक्षरात.

दादांनी ती सही बराच वेळ बघितली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "काडतूस नाही साहेब. हरवलं."

मी त्यांच्या खिशाकडे बघत राहिलो. पुडीचा कोपरा वर आलेला दिसत होता.

"तुमच्याकडून? हरवलं?" साहेब म्हणाले.

"वय झालं. हातही कापतो आता. हत्यार आणलंय बरोबर, परवानाही आहे. दोन्ही जमा करून घ्या. त्यांना म्हणावं, म्हातारा निःशस्त्र झाला, आता तक्रार मागे घ्या." आणि त्यांनी फडक्यात गुंडाळलेली रिव्हॉल्वर टेबलावर ठेवली. ठेवताना हात जराही कापला नाही. साहेबांनी ते बघितलं. त्या खिशाकडेही त्यांनी बघितलं असावं असं मला वाटतं. मग त्यांनी खाली मान घालून लिहायला घेतलं.

बाहेर आल्यावर मी दादांवर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी वडीलधाऱ्या माणसावर रस्त्यात आवाज चढवला असेन. खिशात पुरावा असताना हा माणूस गुन्हेगारासारखा मान खाली घालून बाहेर येतो, आणि कुणासाठी? ज्याने बापाविरुद्ध सही केली त्याच्यासाठी? मी म्हणालो, "दादा, त्याला नसेल कळलं, घाबरला असेल, अशी समजूत करून घेतलीत का? करून घेऊ नका."

"कळलं होतं त्याला," दादा म्हणाले. "तुम्ही त्याचे ओठ बघितले नाहीत?"

मी बघितले नव्हते.

"मी मध्ये एकदा डोळे वर केले होते. नियमात बसत नाही, पण केले. हलत होते ओठ. लहान होता तेव्हा मोजायचं काम त्याचंच असायचं, मास्तर. मी हत्यार धरायचं आणि त्याने मोजायचं. एकोणसाठनंतर दर वेळी थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. ते दोघं पळाले. हा उभा राहिला, पुरे साठ मोजले आणि मग गेला."

"आणि मग सही केली," मी म्हणालो.

"केली," दादा म्हणाले. "तेव्हापासून झोपला नसेल."

समोरच फोनचा बूथ होता. दादांनी मला एक नंबर सांगितला. दोन वर्षांत त्यांनी तो एकदाही फिरवला नव्हता, पण तोंडपाठ होता. "तुम्हीच बोला. मी बोललो की वाजतं आमचं. एवढंच सांगा, काडतूस हरवलं असं मी सांगितलंय. तुझ्यावर काही येत नाही म्हणावं. घाबरू नकोस म्हणावं."

मी आत गेलो. दादा बाहेर कठड्यापाशी उभे राहिले आणि भिंतीवरची एक जाहिरात फार लक्षपूर्वक वाचायला लागले. ती बायकांच्या शिवणक्लासची होती. पलीकडे नितीनने फोन उचलला. मागे झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. ठाण्यासमोरच्या बूथवरून बोलतोय म्हणालो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. माझ्या मनात आणखी दोन-चार वाक्यं होती, ती मी गिळली.

मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो.

"जेवलेत का ते?" नितीनने विचारलं.

मी काचेतून बाहेर बघितलं. दादांचं वाचून संपलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. सकाळपासून त्यांच्या पोटात एक कप चहाशिवाय काही नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"थांबवून ठेवा त्यांना," तो म्हणाला. "रिक्षाने किती वेळ लागतो तिथे यायला?"